शांता म्हटलं तरी ती बघेना

शांता गेली त्याला दीड महिना होत आला. ती माझी धाकटी जाऊ. भेटायला येणारे विचारतात, शेवटी काय बोलली? मी सांगते, पुष्कळ बोलली, आम्हाला कळलं नाही. लोकांना वाटतं म्हातारी तिरकं बोलते. पण झालं ते तसंच. सकाळी ती अंगणात सडा टाकता टाकता पडली. आम्ही उचलून बाजेवर ठेवलं. उजवा हात लुळा पडला होता, तोंड जरा वाकडं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि बोलायला लागली... आवाज तिचाच, पण एकही शब्द ओळखीचा नाही. माझी सून मागे सरली. मी तिच्याहून मागे सरले. ज्या बाईबरोबर सगळा जन्म एका चुलीवर काढला, ती माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी मागत होती आणि मला पाणी हवं की पांघरूण, एवढंही कळत नव्हतं.

आमचं गाव नागभीडच्या बाजूला. भोवती धान आणि त्यामागे जंगल. वाघाची भीती आम्हाला ठाऊक आहे. वाघ दिसला तर ओरडायचं, एकीनं दुसरीला धरून राहायचं, हे तरी कळतं. ही भीती तशी नव्हती. शेजारीण दारातूनच म्हणाली, "बाई, हे शांताकाकी नाई बोलून राह्यली. आतून कोणी दुसरंच बोलून राह्यलं." माझ्या मुलाला, सुधाकरला, तेच पटलं. गाडी बोलवायच्या आधी तो पलीकडच्या गावचा पुजारी घेऊन आला. त्यानं कडुनिंबाचा डहाळा फिरवला, धूर केला आणि तिलाच विचारू लागला, "कोण हायेस तू? कुठून आलीस?" तिला खोकला आला, डोळे पांढरे झाले, ती भिंतीकडे सरकू लागली. तेव्हा मला एकदम आठवलं, नवी नवरी होती तेव्हा ती असंच बोलायची. मी म्हटलं, "ते तेलुगू बोलून राह्यली, गधड्यांनो. सिरोंच्याची हाय ते. डहाळा ठेव अन् निंघ." पुजारी म्हणाला, "तुम्हाले कसं मालूम?" मी म्हटलं, "मी तिच्या लग्नाले होती, तू होता काय?"

पण सुधाकरची तरी काय चूक? त्यानं काकीच्या तोंडून तेलुगू कधी ऐकलंच नव्हतं. माझा धाकटा दीर तरुणपणी खाली तेलुगू मुलखाला लागून सिरोंच्याकडे लाकडाच्या कामावर होता, तिथून तो हिला घेऊन आला, लग्न आमच्याच दारात लागलं. तिचं माहेरचं नाव मल्लम्मा. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. नवरदेव तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो. त्यानं 'शांता' लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, त्यात ती लिपीही तिची नव्हती. आठवडाभर सासू 'शांता, शांता' म्हणून हाका मारायची आणि ही चुलीपुढं बसून राहायची. सासूला वाटलं माजोरी आहे. सासूचा एक नेम होता, देवाजवळ आणि चुलीजवळ आमचीच बोली. "तुही बोली देवाले समजणार नाई अन् मलेही," असं ती तोंडावर म्हणायची. तेव्हा पोरगी पंधरा-सोळाची असेल. अंधार पडला की ती कोठीच्या खोलीत जाऊन दाराला पाठ लावून बसायची. आम्ही तिला मारणार नव्हतो, विकणार नव्हतो. पण तिला ते कोणत्या भाषेत सांगणार?

ती मराठी शिकली ती सुधाकरबरोबर. तो तेव्हा वर्षाचा होता, तिच्या कडेवर असायचा. दोघं एकदमच बोलायला लागले. तो भाताला 'बात' म्हणायचा, घराला 'गर' म्हणायचा. तीही तेच म्हणायची. पुढे तो 'मी करलं' म्हणू लागला. तीसुद्धा 'मी करलं'. आमच्या घरात, गावात 'करलं' तर कोणीच म्हणत नाही, सगळे 'केलं' म्हणतात. मी फक्त चौथी शिकलेली, पण तेव्हाही विचारात पडले होते, यांनी हे आणलं कुठून? ऐकलं नाही ते पोरगं बोलतं कसं? पोर 'धरलं', 'मारलं' ऐकतं आणि स्वतःच पुढचं जोडतं. मोठी बाईही तशीच जोडते. म्हणजे बोलणं पोपटासारखं नसतं. आत काहीतरी आपलं आपण बांधत असतं. दोनेक वर्षांत पोराचा भ नीट झाला. हिचा मात्र अर्धाच राहिला, शेवटपर्यंत. सासरा आला तर 'आला' म्हणायची, पण सासू आली की 'सासू आलं' म्हणायची. सासू चिडायची, "मी का ढोर हाव का, आलं म्हणायले?" दीर म्हणाला, तेलुगूत बाईला आणि ढोराला क्रियापद एकच लागतं. मी म्हटलं, आपल्याकडे वागवायची रीतही तीच हाय. त्यावर सासू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पुढे शांता एवढं मराठी बोलली की धान रोवण्याच्या वेळी बांधावर तिच्यापुढे कोणाचं चालायचं नाही. तिला मूल झालं नाही. दीर वारला. तेलुगू कुठे गेलं हे आम्ही कोणी विचारलं नाही. आम्हाला वाटलं, गेलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, मेंदूतला एक भाग गेला, मागून शिकलेली भाषा गेली, पहिली उरली. कोणाकोणाचं असं होतं. परत येईल का विचारलं तर म्हणाल्या, सांगता येत नाही. आठ दिवसांनी घरी आणलं. मग खरी भीती सुरू झाली. ती जेवेना. मी घास नेला की तोंड फिरवायची. 'शांता' म्हटलं तर बघायचीच नाही, जसं कोणी तिसरीलाच हाक मारतंय. दिवसभर दाराकडे बघून एकच काहीतरी म्हणत राहायची, हळू, हात जोडून. मला वाटायचं, ही असंच मागत मागत मरणार आणि आपण भिंतीसारखे उभे राहणार. मी तिच्या खोलीत जायला टाळाटाळ करू लागले.

शेवटी सुधाकरनं सिरोंच्याला तिच्या भाच्याचा नंबर मिळवला. राजन्ना त्याचं नाव. फोन तिच्या कानाशी धरला. ती बोलली, तो ऐकत राहिला. मग मला म्हणाला, "बाई, कसं सांगू... ते म्हणते, हे कोणाचं घर हाय? मी इथी कोणाले ओळखत नाई. मले माझ्या घरी धाडा. माझा बाप येईल, त्याले रागावू नका." बाई नुसती भाषा विसरली नव्हती. ती पुन्हा नवरी होऊन आमच्या घरात बसली होती, दाराला पाठ लावून, आणि मी तिला न कळणारं बडबडणारी कोणी परकी म्हातारी.

मी राजन्नाला म्हटलं, "मले शिकव." तो म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "ते शिकली तवा तिले कोणी वय इचारलं?" रोज दुपारी त्याचा फोन यायचा. पाणी म्हणजे नीळ्ळु. नको म्हणजे वद्दु. भिऊ नको म्हणजे बयपडकु. शब्द सकाळी पाठ, संध्याकाळी कोरे. पण एक कळलं, त्यांचंही आपल्यासारखंच आहे, आधी वस्तू आणि क्रियापद शेवटी. म्हणून जोडायला फार जड गेलं नाही. पोरासारखी मी दोन-दोन शब्द जोडू लागले. माझी नातसून हसायची.

मग एका सकाळी मी तिच्यासमोर बसले आणि शांता न म्हणता म्हटलं, "मल्लम्मा." तिनं एकदम मान वळवली. इतक्या वर्षांत मी तिला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "भयपडकू." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बयपडकु." मी पुन्हा म्हटलं. तिनं पुन्हा म्हटलं, ओठ नीट दाखवून, जसं लहान पोराला दाखवतात. चार-पाच वेळा असं झालं. माझा भ हलका होईना, शेवटचा उ आखूड होईना. शेवटी तिनं डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि वाटीकडे बोट केलं. त्या दिवशी तिनं पेज घेतली.

ती मला ओळखत नव्हती. शेवटपर्यंत नाही. पण दाराकडे बघायची थांबली, हात जोडायची थांबली. पुढे दोन आठवडे जगली. रोज मला एखादा शब्द दुरुस्त करायची. शेवटच्या दिवशी जे बोलली त्यातलं मला अर्धंही समजलं नाही. राजन्नाचा फोन तेव्हा लागला नाही.

आता तिची खोली रिकामी आहे. मी दुपारी तिथेच बाजेवर पडते. मला एकच भाषा येते. शांताच्या मराठीखाली तिची पहिली होती, म्हणून ती थोडी तरी तरली. माझ्याखाली काय आहे? उद्या माझा मेंदू फुटला तर मी कोणत्या भाषेत भिऊ? म्हणून उठल्यावर मी खोलीतल्या वस्तूंची नावं घेऊन बघते, सूप, खिळा, कवेलू, दोरी... आहेत ना अजून. परवा उठले, तोंड कोरडं पडलं होतं, सुनेला हाक मारून पाणी मागितलं. ती दारात येऊन थांबली. "का म्हणता बाई?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी नीळ्ळु म्हटलं होतं. बरोबर शब्द जिभेवर होता, तरी तो म्हणायची हिंमत झाली नाही, न जाणो तोही दुसराच निघाला तर. मी उठले आणि स्वतःच जाऊन पाण्याचा गडवा भरला.