रंगाऱ्याच्या हौदावरचं पत्रक
कापडाचा रंग पक्का करणाऱ्या क्रोमचे नारिंगी खडे दिसले की सोलापूरच्या रंगखान्यातला म्हातारा रंगारी आठवतो. हौदात क्रोम पुरेसं पडलं का, हे तो बोट बुडवून चाखून ठरवायचा. त्याच्या बोटांना खोल जखमा झाल्या होत्या. ‘हे विष आहे, चाखू नका, हात धुवा,’ असं पत्रक मी, रसायनशास्त्राच्या मास्तराने, छापून घेऊन हौदावर चिकटवलं. आठवड्याने गेलो, तर बोट पुन्हा तोंडात! ‘‘मामा, एवढं मोठं लिहिलंय, दिसत नाही?’’ मी ओरडलो. ‘‘दिसतंय की मास्तर. आमी तेलुगू माणसं, मराठी बोलतो, वाचाय कुटं येतंय?’’ ‘‘मग विचारायचं!’’ ‘‘चिकटवताना मी शेजारीच हुबा व्हतो. तुमीच का न्हाय सांगितलं?’’ तोंडाने सांगायचं एक वाक्य मी छापखान्यात नेलं, याची चीड अजून जात नाही.