विहिरीची आठवी पाळी

अर्जदार : प्रा. डॉ. प्रणिता दत्तोपंत देवचक्के, राहणार सावेडी, नोकरी तिसगाव येथील महाविद्यालयात, विषय गणित. सदर अर्जदाराच्या संशोधनात तीन भिन्न क्षेत्रे आढळून आली असून त्यांचा परस्परांशी संबंध आढळून आलेला नाही.

हा शेरा मुलाखतीआधीच फाइलवर पडला होता, आणि सहयोगी प्राध्यापकपदाची बढती त्याच फाइलीत होती. ती प्रणिताताईंना हवी होती. तसं त्या चारचौघांत सांगतही. फक्त शेरा त्यांना पटेना. पीएच.डी. त्यांनी गाठींच्या गणितात केली. मग वर्गातल्या बिभीषणनं विचारलं, "मॅडम, टेम्पोत डाळिंबाचे क्रेट कसे रचले तर जास्त बसत्यात?" उत्तर सापडेपर्यंत गाठी मागं पडल्या. पुढं निकितानं घरची तक्रार आणली : विहीर सामाईक, भाऊ सात, आणि मोटरला रात्रीची लाईट नेमकी पप्पांच्याच पाळीला. झालं, ताई पाळ्यांच्या गणितात शिरल्या. संबंध होता तो एवढाच.

मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "तुमचं नेमकं क्षेत्र कोणतं?"

"सध्या विहीर."

समिती हसली. ताईंनी फळ्यावर सात वार आणि सात भाऊ मांडले.

"मग अडचण कुठाय? ज्याचा त्याचा वार ठरलेला," अध्यक्ष म्हणाले.

"शुक्रवारी लाईट रात्रीची असते, सर. शुक्रवारवाल्यानं जन्मभर जागायचं का?"

अध्यक्ष विचारात पडले. समोर कुणी असं अडलं की ताईंचा हात आपोआप पुढं होतो. त्यांनी खडू दिला. "या, फळ्यावर करून दाखवा."

समितीच्या अध्यक्षांना फळ्यावर बोलावण्याचा प्रघात नाही. तरी ते उठले. दोनदा चुकले, बाहीनंच पुसलं. मग त्यांनी आठवी पाळी मांडली आणि तिच्यापुढं कुणाचंच नाव लिहिलं नाही.

"ही विहिरीची. त्या दिवशी मोटर बंद, पाणी साठू द्यायचं. वार सात आणि पाळ्या आठ, म्हणजे दर फेरीला प्रत्येकाचा वार एकानं पुढं सरकतो."

"शाब्बास. बसा," ताई म्हणाल्या, आणि मग आपण कुठं आहोत हे त्यांना आठवलं.

वेळ संपली होती. बाकीचे प्रश्न राहूनच गेले.

महिन्याभरानं पत्र आलं : संशोधनात सातत्य नसल्याने बढतीचा विचार तूर्त करता येत नाही. ताईंनी ते वाचलं, चहा गार होऊ दिला आणि तासाला गेल्या. वर्गाच्या दारातच निकितानं गाठलं.

"मॅडम, तुम्ही सांगितलेली आठवी पाळी आमच्यात चालू झाली. चुलते आधी लई भांडले. आता पप्पा शुक्रवारचे झोपत्यात."

"आणि शुक्रवारी जागतं कोण?"

"या खेपेला धाकटे काका. तेच भांडत हुते."

ताई हसल्या आणि त्यांनी फळा पुसायला घेतला.

पत्रावर सही अध्यक्षांची होती. पुढच्या सोमवारी ते एसटीनं तिसगावला आले आणि निकिताच्या मागच्या बाकावर बसून त्यांनी अख्खा तास ऐकला.