काळ्या रेघेखालची नावं

हाइनेके बाईंचा एक धडा अख्ख्या गावाला ठाऊक होता. दर नोव्हेंबरात त्या दहावीच्या मुलांपुढे एका जुन्या यादीची प्रत ठेवत. लिलिएनफेल्ड या ज्यू कुटुंबाला नाझींनी पूर्वेकडे नेलं आणि आठवड्याच्या आत त्यांचं सामान अंगणात लिलावाला निघालं, त्या लिलावाची ती यादी. ती वाचून मुलांनी त्यांचं घर चितारायचं. टेबल कुठे, पाळणा कुठे. सामान घेणाऱ्यांची नावं मात्र शाळेच्या नियमाप्रमाणे काळी केलेली. गेलेल्यांची नावं उघडी, नेणाऱ्यांची झाकलेली. बाईंनी तीस वर्षं हे निमूट पाळलं. उन्हाळ्यात निवृत्त होताना हा धडा नव्या शिक्षिकेच्या हाती सोपवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

यंदा चूक झाली. नावं खोडल्यावर कागदाची पुन्हा प्रत काढायची असते. घाईत बाईंनी खोडलेले कागदच वाटले. वीबके डेटमरनं आपला कागद खिडकीच्या काचेवर धरला, तशी काळ्या रेघेखालची अक्षरं उजेडात दिसली.

"बाई, काचेच्या दारांचं कपाट... घेणारे, डेटमर बेकरीवाले. म्हणजे आमचे पणजोबा?"

"मग रोज लिलिएनफेल्डांच्याच कपाटातल्या बशीत केक खातेस की!" मागून कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी वीबकेची आई, गेजीने डेटमर, मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर. तीही बाईंचीच विद्यार्थिनी, डेटमरांच्याच घरात लहानाची मोठी झालेली.

"बाई, पोरगी काल जेवली नाही. मेलेल्यांसाठी जित्यांना कशाला छळता?"

"मी नाव सांगितलं नाही गं. तिनं वाचलं."

"आणि वाचायला शिकवलं कुणी?"

मुख्याध्यापक खालच्या आवाजात म्हणाले, "ती यादी आता राहू द्या, बाई. पुस्तकात उतारा आहेच की."

बाई वर्गात आल्या. भिंतीवर नमुना म्हणून लावलेलं, पंचवीस वर्षांपूर्वीचं चित्र त्या उतरवू लागल्या. चित्र गेजीनेचं. जेवणाची खोली, काचेच्या दारांचं कपाट, डाव्या काचेला तडा, एका पायाखाली लाकडाची चकती. तडा यादीत नव्हता, चकतीही नव्हती. "कल्पनाशक्ती म्हणतात ती ही," असं बाई दरवर्षी सांगत.

दप्तर न्यायला आलेली वीबके चित्रापाशी थबकली.

"ती चकती आजोबांनी घातलीय. नाहीतर आमचं कपाट डुगडुगतं."

गेजीनेनं ते जाणूनबुजून काढलं होतं की नकळत, कोण जाणे. चित्राखाली बाईंच्याच अक्षरात, लाल शाईनं शेरा होता : 'जणू त्यांच्या घरात राहून आलीस. शाबास!'