गुजरात पासिंगची गाडी

मिस्टरांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आम्ही डोंबिवलीहून कोपरीतल्या सेंटरला रिक्षाने जायचो. जाताना ते बोलायचे. येताना डोळे मिटून बसायचे आणि खड्डा आला की उजव्या हाताने डावा हात, सुयांचा हात, धरायचे. शेवटी तेच म्हणाले, "जुनी का होईना, गाडी घेऊ."

कल्याण-शीळ रस्त्यावर जुन्या गाड्यांचं एक दुकान होतं. तिथे एक पांढरी, गुजरात पासिंगची गाडी आम्हाला परवडली. मालकाने सगळ्या कागदांवर सह्या करून दिल्यात, तिकडच्या आरटीओची एनओसी आली की महिन्याभरात गाडी तुमच्या नावावर, असं दुकानदार म्हणाला. परराज्यातली गाडी त्या ना-हरकत पत्राशिवाय इकडे नावावर होत नाही, हेही त्यानेच सांगितलं. माझ्याकडे लायसन्स होतं, पण हात बसलेला नव्हता. मी एमआयडीसीच्या रस्त्यांवर सराव केला आणि भीत भीत कोपरीला गाडी न्यायला लागले.

महिने गेले. दुकानदार आधी आज-उद्या करत राहिला, मग त्याने फोन उचलायचं सोडलं. मी कल्याणच्या आरटीओत गेले. खिडकीतल्या माणसाने कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं की एनओसीसाठी अर्जच झालेला नाही. तिथून तडक दुकानावर गेले, तर आत टाइल्सचे खोके लागले होते. पोलिसांनी माझा तक्रारअर्ज ठेवून घेतला. पुढे काही झालं नाही.

एकदा सेंटरमधून निघताना ट्रॅफिक पोलिसाने अडवलं. कागद तुमच्या नावावर का नाहीत, असं विचारून त्याने मला खाली उतरवलं. मग मागे वाकून पाहिलं. मिस्टर आडवे पडले होते, हाताच्या पट्टीवर रक्त आलेलं. तो बाजूला झाला आणि त्याने हातानेच जायची खूण केली. शीळफाट्याजवळ मिस्टर म्हणाले, "मी आजारी आहे म्हणून सोडलं आपल्याला. आयुष्यात कुणाचं साधं पेन घरी आणलं नाही मी."

आरसीवर मालकाचा वलसाडचा पत्ता होता. माझ्या भावाला घेऊन मी रेल्वेने तिथे गेले. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या बाईने. मी मालकाचं नाव घेतलं तशी ती म्हणाली, ते वारले, वर्ष होऊन गेलं. मी पिशवीतून कागद काढून तिला दाखवले. सह्यांखालच्या तारखा त्यानंतरच्या होत्या. तिने त्या नीट पाहिल्या. ही त्यांची सही नाही, हे अक्षर माझ्या दिराचं आहे, असं ती गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाली. तेराव्यानंतर दीर गाडी सर्व्हिसिंगला म्हणून घेऊन गेला होता. तिला त्याने सांगितलं, भंगारात दिली.

तिने चहा केला. मी तिला समजावलं की तिने वारस म्हणून गाडी आधी स्वतःच्या नावावर केली आणि मग एनओसी काढून दिली, तर आमचं काम होईल. ती नाही म्हणाली. दिराने घराचा खालचा मजलाही बळकावला होता, कोर्टात केस चालू होती आणि वकिलाने कशावरही सही करू नका म्हणून बजावलं होतं. निघताना तिने विचारलं, "गाडीत मागे कोण बसतं?"

मी मिस्टरांचं सांगितलं.

"आमचे त्याच सीटवर गेले," ती म्हणाली. "हॉस्पिटल समोर दिसत होतं."

हे मी घरी सांगितलं नाही. फक्त म्हटलं, बाई सही देत नाही. त्यानंतरही मिस्टरांना मी त्याच सीटवर निजवून नेत होते, कारण दुसरं साधन नव्हतं. आरशात दर थोड्या वेळाने त्यांच्या छातीकडे बघायचे. ते म्हणायचे, "समोर बघ गं."

ते पावसाळ्यात गेले, हॉस्पिटलमध्ये. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं परतली, आणि गाडी सोसायटीत तशीच उभी राहिली. विकता येत नव्हती, विमा उतरवता येत नव्हता. भाऊ म्हणाला, ज्यांची आहे त्यांना देऊन टाक. मी वलसाडला फोन केला. वकिलाला विचारून सांगते, असं ती म्हणाली आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला, आणा.

भावाने गाडी चालवली. तिने फाटकातच गाडीच्या बदल्यात पोचपावती दिली आणि विचारलं, "तुमचे मिस्टर आता कशाने जाणार?"

तिला माहीत नव्हतं. फोनवर माझ्या तोंडून ते निघालंच नव्हतं. मी सांगितलं तशी ती पायरीवर बसली आणि मला शेजारी बसवून घेतलं. भाऊ रस्त्यावर उभा राहिला. कुठे, असं तिने विचारलं. हॉस्पिटलमध्ये, मी म्हटलं, पलंगावर. "मग बरं," ती म्हणाली.

तिने गाडीला हात लावला नाही. स्टेशनवर जायला रिक्षा मिळेपर्यंत ती आमच्याबरोबर फाटकात उभी होती. नंतर तिने त्या गाडीचं काय केलं, ते मी कधी विचारलं नाही.