काचघरातलं पांढरं फूल

नगरच्या छावणीत, माझ्या शाळेच्या वाटेवर, एका लष्करी अधिकाऱ्याचा बंगला होता. मागे गोऱ्या साहेबाच्या काळातलं काचघर आणि त्यात एका कुंडीत, थंड हवेत वाढणाऱ्या कॅमेलियाचं एकुलतं एक झुडूप. ते सांभाळणारा माळी जामखेडकडचा होता. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो काचांना बाहेरून चुना फासत होता. मी पडलो शिक्षक, न राहवून म्हणालो, "अहो, काचघर ऊब धरायला असतं."

"त्ये साहेबाच्या मुलखात, गुर्जी. हितं झाड भाजून निघंल."

बहात्तरच्या दुष्काळात नळाला पाणी येईना. तेव्हा हा गडी रोज सकाळी कुंडीवर वाकून, साबणाशिवाय, एका तांब्यात तोंड धुवायचा. मिशांवरून ओघळलेला थेंबसुद्धा मुळाशीच पडला पाहिजे. मग ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचा.

थंडीत फूल आलं. पांढरंशुभ्र, वाटीएवढं. बाईसाहेब पाहुण्यांच्या टेबलासाठी कात्री घेऊन आल्या, तर हा कुंडीपुढे उभा राहिला. "पाव्हण्यांनाच हिकडं आना, बाईसाहेब."

संध्याकाळी शाळेतून परतताना पाहिलं, तर बिल्लेवाले साहेब त्या ठेंगण्या दारातून एकेक करून वाकून आत जात होते. एकानं विचारलं, "कुठल्या थंड हवेच्या गावाहून आणलंस रे?"

माळ्यानं मिशीवरून सावकाश हात फिरवला.

"हितलंच हाय, साहेब. माज्या तोंडधुन्यावर वाढलंय."