मावशीने बंद केलेला नळ

मावशीकडे राहायला गेलं की अंघोळीची धास्ती वाटते. दुसरी बादली भरायला घेतली, की ती बाहेरून दार बडवते. तिच्या घरात भाजी धुतलेलं पाणी कुंडीत जातं, कपड्यांचं फरशीला लागतं आणि नळ ठिबकत ठेवणाऱ्याचा सात पिढ्यांसकट उद्धार होतो.

ही मावशी कापड रंगवण्याच्या कारखान्यात साफसफाई करते. परवा साहेबांनी सगळ्यांना उन्हात उभं करून पाणी वाचवण्यावर भाषण ठोकलं. "वाहता नळ दिसला की बंद करा, कुणाची वाट बघू नका," असं म्हणाले. मावशीला ते मनापासून पटलं. झाडू ठेवायला ती मागच्या बाजूला गेली, तर एका जाडजूड पाइपातून जांभळं पाणी धो धो ओढ्यात पडत होतं. पाइपावर लोखंडी चाक होतं. मावशीने बाह्या सरसावल्या आणि ते गच्च आवळलं.

थोड्याच वेळात ऑफिसच्या मोरीतून जांभळं पाणी वर आलं. साहेब नेमके तिथेच हात धूत होते. त्यांचे पांढरे बूट जांभळे झाले.

"मावशी, तो कशाला बंद केलात?" साहेब तणतणले. "त्या पाण्याला परवानगी आहे."

"असं होय," मावशी फडकं पिळत म्हणाली. "मग मलाही तेवढी परवानगी काढून द्या. माझ्या मोरीचं पाणी तुमच्या बागेत सोडते."

साहेबांनी चाक लगेच उघडायला लावलं.

घरी माझी दुसरी बादली अजून बंदच आहे.