बाबा जिन्यात का थांबायचे

माझे बाबा काल दुपारी कंपनीच्या जिन्यात कोसळले आणि गेले.

ते का गेले, हे मी वर्गात सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

नीट सांगते. डोकं चालत नाहीये, सांभाळून घ्या.

मी गेल्या वर्षी ठाण्यातली नोकरी सोडून अभिनयाच्या शाळेत गेले, हे तुम्हाला माहीत आहे. फुल टाइम कोर्स. सकाळी सातला व्यायाम, उशीर झाला की दार बंद. बाहेर काम करायचं नाही, शूटिंग नाही, लग्नकार्याची सुट्टी नाही.

बाबा तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. विठ्ठलवाडीच्या घरात आरामात पेपर वाचायचे.

"संध्याकाळचा क्लास नसतो का गं? नोकरी करून करायचा?"

"बाबा, फुल टाइमच आहे."

"मग मी पण होतो फुल टाइम," म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच जुन्या कंपनीत, मानपाड्याला, कॉन्ट्रॅक्टवर परत स्टोअर सांभाळायला लागले. आई चिडली होती. मी मात्र खूश होते, खोटं कशाला बोलू.

त्यांनी त्याचाही जोक केला. आईने मला कोथिंबीर आणायला सांगितली की आतून आवाज यायचा, "तिला नको सांगू, ती फुल टाइम आहे."

शाळेत दर शनिवारी निरीक्षण असतं. ओळखीचा एक माणूस निवडायचा, आठवडाभर बघायचा आणि वर्गात उभा करायचा. सर म्हणतात, "नक्कल नको, माणूस आणा."

मी बाबांना आणलं.

बाबा आमचा जिना चढतात. मधल्या वळणावर थांबतात. डावा खांदा जरा वर ओढला जातो. अंगठा जबड्यावरून फिरतो. मग खिडकीतून बाहेर बघतात, खाकरतात आणि पुढे चढतात.

एवढंच केलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

सरांनी विचारलं, "का थांबतो तो?"

आमच्याकडे प्रत्येक हालचालीला कारण लागतं. कारण नसेल तर सर परत करायला लावतात. मी जराही अडखळले नाही.

"सर, तिथून पाण्याची टाकी दिसते. बिल्डिंगचं पाणी तेच बघतात. टाकी भरली का ते बघायला थांबतात."

सर खूश. "असं बघायला शिका," म्हणाले सगळ्यांना.

किती छान कारण. मलाही पटलं. बाबा खरंच पाणी बघायचे हो बिल्डिंगचं!

नंतर पालकांना दाखवायला वर्ग ठेवला होता, त्यातही मी बाबाच केले. आईला सुट्टी मिळाली नाही, बाबा एकटेच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळ्यात मोठ्याने तेच हसले. परतताना मात्र विचारलं,

"ते जबडा चोळायचं तू मनाने घातलंस ना?"

"नाही बाबा, तुम्ही करता."

"करत असेन," म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याबरोबर जिना चढलेच नाहीत. "तू हो पुढे, मी दूध घेऊन येतो." रोज दूध. फ्रिजमध्ये पिशव्या साचल्या आणि आई कुरकुरायला लागली. त्यांना कळलं होतं का? बोलले असते तर मी शाळा सोडली असती, म्हणून नाही बोलले का? मला आता कोण सांगणार?

काल शाळेच्या ऑफिसातल्या ताई वर्ग चालू असताना दार उघडून आत आल्या. आमच्याकडे ते दार कधीच उघडत नाहीत.

मी हॉस्पिटलला पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, "आधी काही त्रास? दम लागणं, दुखणं?"

"काहीच नाही ओ," आई म्हणाली. "ठणठणीत होते."

मी उठले आणि तिथेच, कॉरिडॉरमध्ये, करून दाखवलं. खांदा, अंगठा, जबडा, खिडकी. कशी उठले मला माहीत नाही. अंगाला सवय झालीय.

डॉक्टर बघत राहिल्या. "हे हृदयाचंच दुखणं. कधीपासून होतं?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

"कोणाला दाखवलं होतं?"

"वर्गात," मी म्हटलं.

आईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

अख्ख्या वर्गाने पाहिलं. सरांनी पाहिलं. मी तर आठवडाभर त्यांच्या मागे जिना चढत होते. इतकं बारीक पाहिलं आणि एकदाही "बाबा, दुखतंय का?" असं विचारलं नाही. मला अजून हे खरं वाटत नाहीये.

तुमच्या घरात कोणी जिन्यात थांबत असेल तर कारण शोधत बसू नका. त्यांनाच विचारा. आणि ते "काही नाही" म्हणाले तरी डॉक्टरकडे न्या.

वार्षिक सादरीकरणात माझं 'बाबा' घेतलं आहे. बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण दिलं होतं. आज सकाळी मी सरांना फोन करून सांगितलं, मी ते करणार नाही. सर म्हणाले, "तू म्हणशील तसं."

आई आतल्या खोलीत बायकांमध्ये बसली होती. मला वाटलं तिचं लक्ष नाही. उठून बाहेर आली.

"कशाला नाही म्हणालीस?"

"आई, मला नाही जमणार."

"काल तू केलंस ना, तेव्हा मला वाटलं हेच उभे आहेत." मग पदराने तोंड पुसलं. "कर प्रज्ञा. मी येणार आहे बघायला. पण ते टाकीबिकी काही नको. दुखतंय म्हणून थांबतात, असं कर. सगळ्यांना कळू दे, त्यांना दुखत होतं."

मी हो म्हटलं आहे.

बाबा, तुम्हाला शेवटचा जय भीम.